अर्धवेळ विद्यार्थी, पूर्णवेळ अडचणी

२०२०च्या मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीने अमेरिकेतली महाविद्यालये बंद झाली, आणि अनेक कम्युनिटी कॉलेजांच्या आवारात एक निराळे दृश्य दिसू लागले. इमारतींना कुलूप, पण बाहेर वाहनतळावर गाड्या उभ्या. गाडीत एखादा विद्यार्थी, मांडीवर लॅपटॉप. घरी इंटरनेट नव्हते त्यांच्यासाठी कॉलेजांनी आपले वाय-फाय वाहनतळापर्यंत आणून दिले होते. मी बी. ए.चा अभ्यास एसटी स्टँडवरच्या दिव्याखाली केलेला माणूस. हे वाचले तेव्हा ती मुले मला परकी वाटली नाहीत.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे अभ्यासक्रम, बेताची फी आणि येईल त्याला प्रवेश. असे पहिले सरकारी कॉलेज इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली निघाले. आज त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. इथून कोणी पुढे विद्यापीठात जातो, कोणी नर्स होते, कोणी वेल्डर, कोणी मोटार मेकॅनिक. निम्म्याहून अधिक विद्यार्थी अर्धवेळ शिकतात. दिवसा दुकानात नाही तर हॉटेलात राबायचे आणि संध्याकाळी वर्गात बसायचे. अनेकांच्या पदरी लेकरे असतात. मुंबईची रात्रमहाविद्यालये ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अधिक सांगायला नको.

एरवी मंदी आली, की या कॉलेजांत गर्दी होते. नोकरी गेलेला माणूस नवे काही शिकायला येतो. २००८च्या मंदीनंतर तसेच झाले होते. २०२०च्या शरद सत्रात मात्र उलटे घडले. कम्युनिटी कॉलेजांतली एकूण पटसंख्या सुमारे दहा टक्क्यांनी घटली आणि पहिल्यांदा कॉलेजात येणाऱ्यांची त्याच्या दुपटीने. कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. शाळा बंद, म्हणून मुले घरी, म्हणून आई घरी. आणि वेल्डिंग काही पडद्यावर बघून हाताला येत नाही. म्हणूनच कॉलेजे पुन्हा उघडू लागली तेव्हा पुष्कळ ठिकाणी आधी नर्सिंगच्या प्रयोगशाळा आणि कार्यशाळा सुरू झाल्या, त्याही लहान लहान तुकड्यांनी, मुखपट्टी लावून. व्याख्याने दीर्घकाळ ऑनलाइनच राहिली.

मदत आली नाही असे नाही. मार्च २०२०च्या ‘केअर्स’ कायद्याने उच्चशिक्षणासाठी सुमारे १४ अब्ज डॉलर दिले. कॉलेजांच्या वाट्याला आलेल्या रकमेपैकी किमान निम्मी थेट विद्यार्थ्यांच्या हातात द्यावी, अशी अटही होती. पण वाटपाच्या सूत्रात मेख होती. डोकी मोजली गेली नाहीत, मोजला गेला पूर्णवेळ विद्यार्थी; म्हणजे काही अर्धवेळ मिळून एक. आता सांगा, अर्धवेळ विद्यार्थ्याला अर्धा लॅपटॉप चालतो का? त्याला भूक अर्धी लागते का? ज्यांच्याकडे अर्धवेळ विद्यार्थी सर्वांत जास्त, त्या कम्युनिटी कॉलेजांनाच या हिशेबाचा फटका बसला. डिसेंबर २०२०च्या दुसऱ्या कायद्यात डोकीही मोजली जाऊ लागली.

दुसरी अडचण कागदपत्रांची. लहानपणी आईबापांबरोबर आलेली, पण रहिवासाचा पक्का कागद नसलेली हजारो मुले या कॉलेजांत शिकतात. पहिल्या मदतीतून केंद्रीय शिक्षण खात्याने त्यांना वगळले. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांनी मे २०२० मध्ये कोर्टात दाद मागितली आणि जूनमध्ये तात्पुरती मनाई मिळवली. पुढे मे २०२१ मध्ये सरकार बदलल्यावर खात्याने नियमच बदलला. मधले वर्ष मात्र गेले ते गेलेच. कागदावरून माणूस ओळखण्याची ही खोड कोणा एका देशाची नाही, पण तो विषय वेगळा.

विद्यार्थ्याला परत आणायचे तर काय करावे लागते, हे हळूहळू उमगले. कॉलेजची शेदोनशे डॉलर बाकी राहिली, तरी पुढच्या सत्राची नोंदणी अडते. माणूस लाजेने कोणाला सांगत नाही आणि निघून जातो. काही कॉलेजांनी मदतनिधीतून या बाक्याच पुसून टाकल्या. कुठे लॅपटॉप उसने दिले, कुठे धान्याच्या पिशव्या गाडीच्या खिडकीतून आत सरकवल्या. टेक्सासमधल्या अमारिलो कॉलेजात धान्याची खोली आणि समाजसेवक साथीच्या आधीपासूनच होते. विद्यार्थी नापास होतो तो पुष्कळदा गणितामुळे नव्हे, तर गाडी बंद पडल्यामुळे, हे तिथल्या मंडळींनी आधीच ओळखले होते.

२०२३पासून या कॉलेजांची पटसंख्या पुन्हा वाढू लागली आहे. पण त्या वाढीत मोठा वाटा आहे हायस्कुलात असतानाच कॉलेजचे विषय घेणाऱ्या मुलांचा. २०२०च्या शरदात जी आई मुलांपाशी घरी थांबली, तिची मुले आता शाळेत जातात. ती वर्गात परतली का, हे पटसंख्येच्या आकड्यावरून समजत नाही. त्यासाठी तिला फोनच करावा लागतो.