चुकीच्या पत्त्याची नोंद

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. डिस्क, नेटवर्क कार्ड यांच्याशी व्यवहार करणारे बहुतेक ड्रायव्हर याच गाभ्यात चालतात. साध्या अ‍ॅपने वाट्याबाहेरची मेमरी वाचली, तर ते एकटेच बंद पडते. ड्रायव्हरने तेच केले तर अनेकदा अख्खा संगणक थांबवावा लागतो, कारण बिघडलेला गाभा डिस्कवर काय लिहील याचा भरवसा उरत नाही.

चूक आधी हार्डवेअर पकडते. प्रोसेसरमधील एमएमयू हा मेमरी-व्यवस्थापक भाग मेमरीचा प्रत्येक पत्ता तपासतो आणि अवैध पत्ता दिसताच काम अडवून कर्नलला कळवतो. कर्नल नोंद करतो: पत्ता कोणता, वाचताना की लिहिताना, कोणत्या ड्रायव्हरच्या कोणत्या सूचनेवर. लिनक्समध्ये या अहवालाला ‘ऊप्स’ म्हणतात. विंडोज त्रुटीचा पडदा दाखवून मेमरीची नक्कल (क्रॅश डंप) फाइलमध्ये ठेवते. उपकरण प्रोसेसरला वगळून थेट मेमरी वापरते, तेव्हा उपकरणांसाठीचा तसाच भाग, आयओएमएमयू, पहारा देतो आणि दोषी उपकरणाची ओळखही नोंदवतो.

१९ जुलै २०२४ रोजी या नोंदींची खरी किंमत कळली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरला २० मूल्ये मिळत होती. नव्या फाइलमुळे त्याने एकविसावे वाचायला घेतले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक कोसळले. मुंबई विमानतळावर अकासा एअर या विमान कंपनीला चेक-इन हाताने करावे लागले. पुढे मायक्रोसॉफ्टने क्रॅश डंप तपासले, तेव्हा ‘सीएसएजंट’ हे ड्रायव्हरचे नाव आणि अवैध पत्ता दोन्ही त्यांत सापडले.