तारा आणि वीज, भाग ६ : पन्नास हर्ट्झच्या शेजारचा जी

बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेवर, म्हणजे ई तारेवर, तिसऱ्या फ्रेटला बोट दाबलं की जी हा सूर वाजतो. त्याची कंपनं सेकंदाला ४९. आपल्या घरांतून, कारखान्यांतून आणि लग्नाच्या मांडवांतून फिरणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते. गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. मोकळ्या जी तारेची कंपनं ९८ आणि विजेच्या दुप्पट आवर्तनांची घरघर १०० वर. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिथे तिची गुणगुण ए-शार्प (५८.३) आणि बी (६१.७) यांच्या मधल्या फटीत पडते, कोणत्याच सुरावर बसत नाही. बेसचे पिकअप बहुतेक अमेरिकेत घडले, त्यांच्या स्तुतीचे लेख तिथेच लिहिले गेले. पालघर-बोईसरचा वादक ते वाचून पिकअप निवडतो तेव्हा हा एक फरक त्याला कोणी सांगितलेला नसतो.

गेल्या आठवड्यात तारा आणि ब्रिज पाहिले. या भागात पॅसिव्ह बेसचा, म्हणजे पोटात बॅटरी नसलेल्या बेसचा, पिकअप बदलायचा कसा ते पाहायचं आहे. सुरुवात सुराच्या गोडव्यापासून न करता गुणगुणीपासून केली, कारण या पट्ट्यात बेस वाजतो तो अशाच ठिकाणी. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून ५० हर्ट्झची वीज पश्चिमेच्या जाळ्यात ओततं आहे. बोईसरच्या एमआयडीसीत मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर रात्रंदिवस चालू असतात. आणि कार्यक्रम म्हणजे हळद, साखरपुडा, गणपती, नवरात्र, चर्चचा सण. मंचामागे जनरेटर, डोक्यावर एलईडीच्या माळा आणि डिमर, पायाजवळ गुंडाळून टाकलेल्या विजेच्या केबली. घरी सरावाच्या लहान अ‍ॅम्प्लिफायरमधून ५० हर्ट्झ नीट बाहेरच पडत नाही, म्हणून तिथे पिकअप शांत वाटतो. मांडवात अठरा इंची स्पीकरांच्या खोक्यांसमोर तोच पिकअप उभा राहिला की गुणगुण छातीत जाणवते. त्यात ४९ चा जी वाजला की दोन्ही लहरी एकमेकींना भिडतात आणि सेकंदाला एकदा सूर हेलकावतो. ट्यूनर मात्र सांगत असतो की सूर बरोबर आहे. अशा वेळी साउंडवाल्याला दोष देण्यात अर्थ नसतो.

पिकअपची रचना साधी आहे. चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, म्हणजे कॉइल. ही तार माणसाच्या केसाइतकी, ०.०६ मिलिमीटरच्या आसपास जाडीची. वर पोलादाची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं प्रवर्तन ते हेच. पण वेढ्यांना भेदभाव कळत नाही. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र हललं तरी ते वीज उमटवतात.

यावरचा इलाज म्हणजे दोन कॉइल. दुसऱ्या कॉइलचे वेढे उलटे आणि चुंबकही उलटा. मग तारेचा आवाज दोन्हींतून एका दिशेने येऊन बेरीज होते, बाहेरची गुणगुण विरुद्ध दिशांनी येऊन वजा होते. लिओ फेंडरच्या १९५१ च्या प्रिसिजन बेसला एकच कॉइल होती. १९५७ मध्ये तिचे दोन तुकडे झाले: एक ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी तारांखाली. बाजारात ‘पी’ म्हणून मिळतो तो पिकअप हाच, आणि तो मुळातच गुणगुण मारतो. १९६० च्या जॅझ बेसमध्ये दोन लांबट एकेरी कॉइल आल्या. एकीचे वेढे दुसरीच्या उलट ठेवले, तर दोन्ही व्हॉल्यूम सारखे असताना शांतता राहते. एक कमी केला की गुणगुण परतते. अनेक वादकांना ब्रिजजवळच्या एकट्या पिकअपचा बोलका, दातेरी आवाज आवडतो. मांडवात त्याची किंमत त्यांना मोजावी लागते.

आजकाल नवशिक्यांच्या हातात दिसणाऱ्या यामाहा टीआरबीएक्स १७४ सारख्या बेसवर तिसरीच मांडणी असते: पुढे पी, मागे जे, म्हणजे जॅझचा एकेरी कॉइलवाला. इथे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले तरी मागच्या एकेरी कॉइलची गुणगुण शिल्लक राहते, कारण तिला वजा करणारी जोडीदार कॉइल कुठेच नाही. अशा वाद्याचे दोन्ही पिकअप बदलण्याचा खर्च बहुतेकदा वाया जातो. मागचा एक बदलून दोन कॉइलवाला जे बसवला की काम भागतं.

खरेदीआधी मात्र दोन चाचण्या कराव्यात, त्याला पैसा लागत नाही. बेस अ‍ॅम्पला जोडून, व्हॉल्यूम उघडून, वादकाने जागच्या जागी हळूहळू गोल फिरावं. दिशेबरोबर गुणगुण कमी-जास्त झाली तर ती चुंबकीय आहे. कॉइलच बदलली पाहिजे. ती दिशेला दाद देत नसेल, पण तारांना हात लावताच थांबत असेल, तर दोष आच्छादनाचा आहे. मग पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडली की काम भागतं. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला ती पातळ पट्टी अडवू शकत नाही, म्हणून पट्टी लावूनही गुणगुण राहिली अशी तक्रार ऐकू येते. आणि तारांना हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर पिकअपचा विचार सोडून आधी मांडवातली अर्थिंग तपासावी. ब्रिज ग्राउंडला जोडलेला असतो, ओठ माइकला लागतात; अर्थिंग नसलेल्या जनरेटरवर हा खेळ जिवावर बेततो.

पिकअप बदलायचाच ठरला की पुढे येतो किलोओहमचा, म्हणजे कॉइलच्या रोधाचा, आकडा. दुकानात विचारतात, ‘किती के चा आहे?’ पी साधारण १० ते ११ किलोओहम, जे ७ ते ८. आकडा मोठा म्हणजे आवाज मोठा ही समजूत फार पसरली आहे आणि ती फसवी आहे. रोध वेढ्यांची संख्या वाढली तरी वाढतो आणि तार बारीक घेतली तरी वाढतो. चुंबकाच्या ताकदीबद्दल तो काहीच सांगत नाही. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना १० किलोओहम भरणारा पिकअप मे महिन्यात ३५ अंशांच्या बोईसरमध्ये साधारण १०.६ दाखवतो. आवाजात ओळखण्याजोगा फरक पडलेला नसतो. मल्टिमीटर कामाचा आहे तो कॉइल तुटली आहे का, हे पाहण्यासाठी.

कॉइल तुटणं ही किनाऱ्यावरची खरी अडचण. सातपाटी, केळवे, चिंचणी, तारापूर गाव, डहाणू: खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. जुन्या पद्धतीच्या फेंडरी पिकअपमध्ये वेढे थेट अल्निको चुंबकांवर गुंडाळलेले असतात. अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट घातलेलं लोखंड, आणि लोखंड गंजतं. गंज आतल्या वेढ्याचं पातळ आवरण खातो, तार तुटते आणि पिकअप एका दिवशी मुका होतो. ‘व्हिंटेज’ हा शब्द वाचून ही बांधणी विकत घेणाऱ्याने निदान वेढे मेणात बुडवून पक्के केले आहेत ना, एवढं विचारावं. समुद्रालगत राहणाऱ्यासाठी बार्टोलिनीची पद्धत जास्त शहाणपणाची: कॉइल इपॉक्सीत ओतून बंद केलेली. त्यांचे बरेच पिकअप दोन कॉइलवाले आहेत. आवाज गोलसर, कडा थोड्या मऊ. भजन, चर्चमधलं गायन, जुनी हिंदी-मराठी गाणी यांना तो छान बसतो.

बेंजोच्या तीक्ष्ण तारा आणि ढोलांचा गदारोळ यांच्याशी ज्याला टक्कर द्यायची आहे, त्याला तो आवाज कदाचित दबल्यासारखा वाटेल. त्याने प्रिसिजन बेससाठी सेमूर डंकनचा क्वार्टर पाउंड पाहावा. त्याचे चुंबक नेहमीपेक्षा जाड, पाव इंच व्यासाचे असतात. आवाज मोठा, खालचे आणि वरचे सूर ठसठशीत. जॅझसाठी डीमार्झिओचा मॉडेल जे आहे. त्यात प्रत्येक पिकअपच्या आतच दोन कॉइल बसवल्या आहेत, त्यामुळे एकटा वाजवला तरी शांत. फेंडरच्या नॉइजलेस जे पिकअपमध्ये कॉइल एकावर एक रचलेल्या असतात. रचलेल्या कॉइलचा आवाज एकेरी कॉइलच्या जवळ जातो, पण खालची कॉइल तारांपासून दूर राहते. ती मुख्यतः गुणगुण मारण्यापुरती असते आणि वर थोडी चमकही कमी करते. निव्वळ कानाने निवडायचं तर एकेरी कॉइल अजूनही सर्वांत सुंदर वाजते. मुंबईच्या स्टुडिओत ती घ्यावी. मांडवात दोन कॉइलच.

मापांकडे दुर्लक्ष केलं तर मात्र सगळं वाया. जॅझचे आताचे दोन पिकअप सहसा सारखे नसतात; ब्रिजजवळचा सुमारे ३ मिलिमीटर लांब असतो. काही स्वस्त बेसवर दोन्ही एकाच लांबीचे असतात. म्हणून जुना पिकअप बाहेर काढून पट्टीने मोजूनच मागवावा. एकेरी कॉइलचे दोन पिकअप वेगवेगळ्या कंपन्यांचे घेऊ नयेत. वेढ्यांची आणि चुंबकांची दिशा जुळली नाही तर गुणगुण जात नाही, किंवा दोन्ही उघडल्यावर आवाज पोकळ होतो. आवाज पोकळ झाला आणि पिकअपच्या आवरणाला ग्राउंडची वेगळी तार असेल, तर एका पिकअपच्या कॉइलच्या दोन तारा अदलाबदल करून पाहाव्यात.

बोईसरहून पश्चिम रेल्वेने निघालं की ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोड आणि मरीन लाइन्सला धोबीतलाव, दोन्ही एकाच मार्गावर. पहिल्या ठिकाणी २५० किलोओहमचे पॉट (नॉबखालचे बदलते रोध), ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सोल्डरची तार. दुसऱ्या ठिकाणी वाद्यांची जुनी दुकानं. पिकअप बदलताना जुने खरखरणारे पॉटही त्याच वेळी बदलावेत, झाकण दोनदा उघडायला नको. पॉट मात्र २५० चेच घ्यावेत. एकेरी कॉइलला आणि पी पिकअपला ५०० चे लावले तर वरचे सूर टोचू लागतात.

बसवल्यावर शेवटच्या फ्रेटवर तार दाबून उंची लावायची: जाड तारेखाली साधारण ३ मिलिमीटर, बारीक तारेखाली २ ते अडीच. त्याहून वर चढवला तर आवाज वाढतो, पण चुंबक तारेला ओढू लागतो आणि वरच्या फ्रेटांवरचे सूर डळमळतात. नवा पिकअप आवडला नाही असं म्हणणाऱ्या वादकाने आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन तो मिलिमीटरभर खाली करून पाहावा. जुना पिकअप तारांच्या रंगांची नोंद करून पिशवीत ठेवावा. वाद्य विकताना गिऱ्हाईक तो मागतं.

पुढच्या भागात टोनचा नॉब: ०.०४७ च्या जागी ०.०२२ किंवा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर काय बदलतं, आणि सहा मीटरची केबल दहा मीटरची केल्यावर तोच बेस थोडा झाकोळलेला का ऐकू येतो.