पहिला टॅटू: कळ तासाभराची, काळजी महिन्याची



मागच्या वेळी मी इथे वेदनेच्या तत्त्वज्ञानावर सव्वा तास बोललो. व्याख्यान संपल्यावर एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "सर, ते सगळं ठीक आहे, पण मला पुढच्या रविवारी पहिला टॅटू काढायचाय. मी नेमकं काय करू?" (हशा) त्या दिवशी मी तिला दोन वाक्यांत वाटेला लावलं. ते बरोबर नव्हतं. प्रश्न खरा होता, म्हणून आजचा वेळ त्यासाठी.

आणि हा अधिकार मला कुठून आला, तेही सांगून टाकतो. (बाही वर करून दाखवतात.) हे पाहा. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी काढून घेतलं. (टाळ्या) टाळ्या नकोत, कारण यात एक फजिती आहे. ती शेवटी सांगतो.

माझ्या आईच्या हातावर गोंदण होतं. मनगटाच्या वर चार कोपऱ्यांना चार ठिपके आणि मधे एक. ती आठ-नऊ वर्षांची असताना गावच्या जत्रेत गोंदणाऱ्या बाईनं काढलेलं. आजीनं तिचा हात धरून ठेवला होता आणि तोंडात गुळाचा खडा दिला होता. 'मेल्यावर बाकी सगळे दागिने काढून घेतात, हा एवढाच बरोबर येतो,' असं जुन्या बायका म्हणत, तसं तीही म्हणायची. आई गेली. एकाही फोटोत ते ठिपके नीट दिसत नाहीत. म्हणून ते माझ्या हातावर असावेत असं वाटलं. नात म्हणाली, "आजोबा, चला, मी नेते."

आता मुद्द्याकडे येऊ. टॅटू म्हणजे काय? चित्र ही नंतरची गोष्ट. आधी ती एक जखम आहे. यंत्रातली सुई मिनिटाला शेकडो, कधी काही हजार वेळा वरखाली होते आणि त्वचेत साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल शाई सोडते. त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो, महिन्याभरात नवा येतो. शाई त्या थरात राहिली असती तर महिन्यात टॅटू गेला असता. ती त्याखालच्या थरात जाते. तिथे शरीराच्या संरक्षक पेशी धावून येतात आणि परकी वस्तू समजून शाईचे कण गिळतात, पण त्यांना ते पचवता येत नाहीत. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्से इथल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की, अशी एक पेशी मेली की तिनं सांडलेली शाई शेजारची नवी पेशी गिळते. म्हणजे टॅटू टिकतो तो शरीराने पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवलेल्या शाईमुळे. काढणारा तासाभरात मोकळा होतो. पुढचं काम तुमच्या शरीराचं असतं, आणि त्या कामात अडथळा आणायचा की नाही, हे तुमच्या हातात.

आता दुखतं किती? थापा मारत नाही, दुखतं. उन्हानं भाजलेल्या कातडीवर कुणी टोकदार काहीतरी ओढावं, तसं चरचरतं. जिथे हाडावर मांस कमी किंवा कातडी नाजूक, तिथे जास्त: बरगड्या, पाठीचा कणा, पावलाची वरची बाजू, कोपराची आतली बाजू, काख. दंडाची बाहेरची बाजू, हाताचा बाहेरचा भाग, मांडी, इथे त्या मानानं सोसवतं. पहिला टॅटू लहान आणि अशा जागी घ्यावा. शौर्य दाखवायला बरगडी निवडू नये.

बुद्धाच्या उपदेशात दोन बाणांचा दृष्टांत आहे. पहिला बाण शरीराला लागतो, तो कुणालाच चुकत नाही. दुसरा आपणच मनाला मारून घेतो: 'अरे बापरे, किती दुखेल, मला जमणारच नाही.' टॅटूच्या खुर्चीत लोक हैराण होतात ते बहुतेक या दुसऱ्या बाणानं. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं जखमी सैनिकांकडे पाहून १९४६ साली लिहिलं की, मोठ्या जखमा असूनही त्यांतल्या अनेकांना वेदनाशामक नको होतं. जखमेचा अर्थ त्यांच्यासाठी 'सुटलो, आता घरी' असा होता. वेदना केवळ सुईची खोली नव्हे, तिला आपण काय समजतो हाही तिचा भाग आहे. म्हणून पहिली तयारी ही: हा टॅटू मला का हवाय, याचं उत्तर स्वतःपाशी स्पष्ट असू द्या. 'मैत्रिणीनं काढला म्हणून' हे उत्तर तिसऱ्या मिनिटाला पुरत नाही.

बाकीची तयारी साधी आहे. आदल्या रात्री नीट झोपा. चोवीस तास आधीपासून दारू नको. उपाशी जाऊ नका, पोळीभाजी खाऊन जा, पाणी प्या. चक्कर येते ती बऱ्याचदा रिकाम्या पोटानं आणि भीतीनं. मोकळे सुती कपडे घाला. सुई चालू असताना श्वास रोखू नका, श्वास सोडताना खांदे सैल सोडा. थांबावंसं वाटलं तर सरळ सांगा, त्यात लाज कसली? बधिर करणारं मलम स्वतःच्या मनानं फासून जाऊ नका, आधी विचारा.

माझ्या वयाच्या मंडळींसाठी: रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, बरं का! मी विचारूनच गेलो. घरात कुणाच्या जखमेचे वण फुगून वर येत असतील, तरीही आधी त्वचेच्या डॉक्टरांशी बोला.

जागा कशी पाहायची? सुई तुमच्यासमोर बंद पाकिटातून काढली पाहिजे. हातमोजे नवे, शाई लहानशा वेगळ्या टोपणात ओतलेली, उरलेली फेकून दिलेली. आमच्या आईच्या वेळी जत्रेत एकच सुई साऱ्या गावाला पुरायची. त्या सुईतून कावीळ 'बी', 'सी' आणि एचआयव्ही एकाचा दुसऱ्याला जाऊ शकतो. इथे परंपरेचं प्रेम बाजूला ठेवायचं. कावीळ 'बी'ची लस घेतलेली असली तर उत्तम. आणि नियमित रक्तदान करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, आपल्याकडे टॅटूनंतर वर्षभर रक्त देता येत नाही.

माझं काम चाळीस मिनिटांत आटोपलं. टॅटू काढणारा मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही तर हललाच नाहीत!" मी मनात एपिक्टेटस आणि बुद्ध दोघांचेही आभार मानले आणि मोठ्या ऐटीत घरी आलो. चूक तिथेच झाली. मला वाटलं, परीक्षा संपली.

घरी आल्यावरचा महिना कसा असतो, तो ऐका. वर लावलेलं आवरण किती वेळ ठेवायचं ते काढणाऱ्याला विचारूनच निघा, कारण आवरणागणिक ते बदलतं. ते काढताना आधी हात स्वच्छ धुवा. कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य साबण, बोटांनी हलकेच धुवा आणि स्वच्छ कापडानं टिपून घ्या, घासू नका. मग सांगितलेलं मलम, तेही अगदी पातळ. मलमाचा थापा दिला की जखमेला हवा मिळत नाही. पहिले दोन-तीन दिवस लाली, थोडी सूज, थोडी लस आणि शाई पाझरणं हे चालायचंच.

इथे आपल्याकडे घरातली मोठी माणसं हळद, साजूक तूप, खोबरेल तेल घेऊन धावतात. त्यांच्या पाया पडा, पण हे उघड्या जखमेवर लावू नका. अंघोळ चालते, भिजत पडणं चालत नाही. पोहण्याचा तलाव, समुद्र, नदीतलं स्नान हे दोन ते चार आठवडे बंद. चंद्रभागेला जायचं असेल तर टॅटू परत आल्यावर काढा, पांडुरंग समजून घेईल. (हशा) ऊन लागू देऊ नका, सुती बाहीनं झाका. पुढे जखम पूर्ण भरली की उन्हापासून जपणारं क्रीम लावा, नाहीतर रंग फिका पडतो.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून पापुद्रे सुटू लागतात, बारीक खपल्या धरतात आणि खाज सुटते. खपली ओढायची नाही. तिच्यासोबत खालची शाई येते.

लाली कमी होण्याऐवजी पसरू लागली, जागा गरम लागली, पू आला, लाल रेघा वर चढू लागल्या, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. टॅटूवाल्याला फोटो पाठवून बसू नका. लाल शाईची ॲलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त दिसते, आणि ती काही महिन्यांनीही उठू शकते. वरची कातडी दोन ते चार आठवड्यांत भरते, आतलं काम आणखी काही महिने चालतं.

आता माझी फजिती. आठव्या दिवशी सकाळी पेपर वाचत होतो. खाज सुटली. उजवा हात आपोआप डाव्या हातावर गेला. अग्रलेख संपला तेव्हा मधल्या ठिपक्याची खपली माझ्या नखाखाली होती. सुईपुढे न हललेला माणूस खाजेपुढे हरला! आयुष्यभर मी मुलांना शिकवलं की, एपिक्टेटस दोन याद्या करतो: आपल्या हातातल्या गोष्टी आणि हाताबाहेरच्या. सुईचं दुखणं हाताबाहेरचं होतं, त्याची मी जय्यत तयारी केली. खाजवणं अक्षरशः माझ्या हातात होतं, आणि त्याची तयारी शून्य.

आपण सगळेच असं करतो, नाही का? ऑपरेशनला घाबरतो आणि नंतरचे व्यायाम टाळतो. धैर्य लागतं तासभर, आणि त्याला टाळ्या मिळतात. चिकाटी लागते महिनाभर, तिला कुणी बघत नाही.

तर त्या मुलीला, आज आली असेल तर, माझं उत्तर एवढंच: रविवारची चिंता थोडी कमी कर, त्यानंतरच्या चार आठवड्यांची जास्त कर. नखं आधीच काप. खाज आली की स्वच्छ तळहातानं हलकेच थोपट, खाजवू नकोस.

(श्रोत्यांतून प्रश्न: तो ठिपका मग पुन्हा भरून घेतला का?)

नाही घेतला. जखम पूर्ण भरल्यावर भरून देतो, असं त्या मुलानं सांगितलं होतं. नातीनं दोनदा आठवण केली. पण मधला ठिपका फिका आहे, पुसलेला नाही. आईचाही म्हातारपणी असाच फिका झाला होता. तेव्हा राहू दे म्हटलं.