बंदीचे हुकूम आणि वाचकाचा हक्क

जप्त पुस्तकांचा शोध घेणाऱ्यास आरंभीच एक विसंगती आढळते. ज्या राजसत्तेने ही पुस्तके लोकांच्या हाती पडू नयेत असे ठरविले, तिनेच ती जतन केली. १९१० च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रांतिक सरकारांना जप्तीचे व्यापक अधिकार मिळाले, आणि जप्त साहित्याच्या काही प्रती लंडनच्या इंडिया ऑफिस ग्रंथालयात व ब्रिटिश म्यूझियममध्ये जाऊन पडल्या. इतर अनेक दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. फेकून देण्याजोगी चार पानी पत्रकेही त्यामुळे वाचली.

परंतु प्रत हाती लागली म्हणजे संशोधन झाले असे नव्हे. बंदी हेही एक प्रकारचे वाचनच असते, आणि ते कोणी, कसे केले हे पाहावे लागते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. १९१० साली त्यावर बंदी आली. कथा महाभारताच्या विराटपर्वातली. तथापि कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, ही उकल व्हॅलेंटाइन चिरोल यांनी त्याच वर्षीच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या ग्रंथात मांडली. प्रेक्षकांस ती उमजली नव्हती असे मुळीच नाही. पण रूपकाची इतकी निःसंदिग्ध फोड नाटकाच्या विरोधकाने करावी, ही नाट्यसमीक्षेच्या इतिहासात नोंदण्याजोगी गोष्ट होय. नाटकाचे नाट्य मात्र त्या फोडीखाली बरेचसे झाकले गेले.

म्हणूनच हुकुमात दिलेल्या कारणांना महत्त्व. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९९-अ अन्वये सरकारने आपल्या मताची कारणे नमूद करणे आवश्यक होते. हरनाम दास खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारचा जप्तीचा हुकूम रद्द केला, तो पुस्तके निर्दोष ठरली म्हणून नव्हे, तर हुकुमात कारणेच नव्हती म्हणून. हे बंधन १९७३ च्या संहितेत कलम ९५ मध्ये आले आणि २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे.

हुकुमाविरुद्ध दाद मागण्याची मुभा हितसंबंध असलेल्या कोणाही व्यक्तीस आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजीमहाराजांविषयीच्या पुस्तकाची जप्ती मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली रद्द केली व २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. त्या खटल्यातील अर्जदार ना लेखक होते, ना प्रकाशक.