उमरेडपासून विद्यापीठ किती लांब?

उमरेडहून भिवापूरच्या रस्त्याला लागा. भिवापूर मागे पडलं की थोड्याच वेळात नागपूर जिल्हा संपतो आणि चंद्रपूर जिल्ह्यातलं नागभीड येतं. धानाच्या बांध्या त्याच, बोलीही तीच. पण भिवापूरची मुलगी बी.ए. झाली की तिच्या पदवीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचं नाव येतं आणि नागभीडच्या मुलीच्या पदवीवर गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाचं. २०११ पर्यंत दोघींचं विद्यापीठ एकच होतं. शेताच्या बांधावर कुठेही न दिसणारी ही रेघ मला फार विलक्षण वाटते, कारण विद्यापीठाचा सगळा इतिहास या रेघेच्या सरकण्यात आहे.

नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये सुरू झालं आणि मॉरिस १८८५ मध्ये. विद्यापीठ मात्र नागपुरात नव्हतंच. मुलं इथे शिकायची आणि परीक्षा कलकत्ता विद्यापीठाची द्यायची, पुढे अलाहाबादची. वर्ग नागपुरात आणि पदवी देणारं विद्यापीठ शेकडो कोस दूर. यात तेव्हा कुणाला वावगं वाटत नव्हतं, कारण १८५७ ची आपली पहिली तीन विद्यापीठं लंडनच्या नमुन्यावर उभी राहिली होती. शिकवायचं महाविद्यालयांनी; विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची.

४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस, नागपुरात स्थायिक झालेले बंगाली वकील. संलग्न महाविद्यालयं ६, विद्यार्थी ९२७. आज एखाद्या मोठ्या महाविद्यालयात याहून जास्त मुलं असतात. पण या ९२७ मुलांचा मुलूख बघा: मध्य प्रांत आणि वऱ्हाड, म्हणजे इकडे अमरावती-अकोला, तिकडे जबलपूर, सागर, रायपूर.

मग रेघ सरकू लागली. सागरचे सर हरिसिंग गौर हिस्लॉपमध्ये शिकलेले, पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही झालेले. १९४६ मध्ये त्यांनी स्वतःच्या कमाईतून आपल्या गावी सागर विद्यापीठ उभं केलं. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ झालं आणि वऱ्हाड वेगळा झाला. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली गोंडवानाकडे गेले. नागपूरकडे उरले चार जिल्हे: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया. कामठीचे मँगनीज खाणवाले रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी विद्यापीठाला लाखो रुपये ठेवले, त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था झाली. तीही २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली. कुणी याला विद्यापीठाचं आक्रसणं म्हणेल. मला ते वाटणीसारखं वाटतं, थोरल्या घरातून मुलं वेगळी होऊन आपापल्या गावात चूल मांडतात तशी. दर वेळी कुठल्या तरी गावाला विद्यापीठ जवळ आलं.

हे आपल्याकडेच घडलं असं नाही. फ्रान्समध्ये नेपोलियनने १८०८ मध्ये सगळ्या देशासाठी एकच विद्यापीठ केलं होतं. प्रांतोप्रांतीची विद्यापीठं त्या एकाच छत्रातून १८९६ च्या कायद्याने बाहेर आली. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर पॅरिस विद्यापीठाची तेरा विद्यापीठं झाली. आणि २००९ मध्ये स्ट्रासबुर्गने उलटी वाट धरली, तिथली तीन विद्यापीठं पुन्हा एक झाली. रेघा तिथेही सरकतातच.

नावाचीही एक गोष्ट आहे. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. महाराजांचा जन्म यावलीचा आणि आश्रम मोझरीचा, दोन्ही अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात. तपाची जागा चिमूरजवळच्या गोंदोड्याची, ती आज गोंडवानाच्या. एका माणसाचं आयुष्य तीन विद्यापीठांत वाटलं गेलंय. अमरावतीच्या विद्यापीठाला नाव आहे संत गाडगेबाबांचं. ‘ग्रामगीता’ लिहिणाऱ्या तुकडोजींचं शाळेतलं शिक्षण जेमतेम, गाडगेबाबांचं तेवढंही नाही; आणि विदर्भातली लाखो पदवीपत्रं या दोघांच्या नावाने निघतात. याहून मोठा मान मला सुचत नाही.

आता उमरेडचं नूतन आदर्श महाविद्यालय घ्या. इमारत संस्थेची, शिक्षकही तिथलेच. तरी तिथला प्राध्यापक फळ्यावर जो धडा शिकवतो, तो विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने आखलेला आणि विद्वत परिषदेने संमत केलेला असतो. परीक्षेच्या दिवशी उमरेड, हिंगणघाट आणि गोंदिया इथली मुलं एकाच वेळी तीच प्रश्नपत्रिका उघडतात. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं. तपासणाऱ्याला मूल कुणाचं, गाव कुठलं, काही कळत नाही. कोळसा खाणीतल्या कामगाराची मुलगी आणि नागपूरच्या डॉक्टरचा मुलगा तिथे अगदी सारखे.

या साऱ्याच्या माथ्यावर कुलपती, म्हणजे राज्यपाल. (सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशात २०२४ पर्यंत ‘कुलपति’ म्हणजे आपले कुलगुरू असायचे, तेव्हा तिकडच्या पाहुण्यांशी बोलताना जपून.) कुलगुरू कारभार पाहतात, कुलसचिव दप्तर सांभाळतात, व्यवस्थापन परिषद पैशाचे आणि नेमणुकांचे निर्णय घेते. आणि या सगळ्यांना प्रश्न विचारायला अधिसभा असते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमाप्रमाणे अधिसभेत १० जागा नोंदणीकृत पदवीधरांच्या आहेत, निवडून द्यायच्या. त्यांतल्या ५ राखीव: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या-विमुक्त जाती, इतर मागासवर्ग आणि महिला, प्रत्येकी एक.

म्हणजे उमरेडच्या बाजारात दुकान चालवणारा बी.कॉम. झालेला माणूस किंवा भिवापूरला मिरचीची शेती करणारी पदवीधर बाई या विद्यापीठाची मतदार होऊ शकते. मात्र नाव आपोआप यादीत येत नाही, अर्ज करावा लागतो. पुढच्या वेळी पदवीधर नोंदणीची सूचना निघाली की पेटीतलं पदवीपत्र बाहेर काढा आणि नाव नोंदवा.