बाटलीतले शिसे, विहिरीतले शिसे

मुळा नदीकाठचे वाकड हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. शेतीच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या, बाह्यवळण महामार्गावर वाहनांची वर्दळ वाढली. शेजारच्या औद्योगिक पट्ट्यात धातूंवर मुलामा चढविण्याची कामेही चालतात. अशा परिसरातील विहिरीच्या पाण्यात शिसे, क्रोमियम वा निकेल उतरले आहे काय, ही शंका रास्तच होय. मात्र प्रयोगशाळेतून येणारा आकडा विहिरीचा की बाटलीचा, हे आधी ठरावे लागते.

भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ग्रॅमचा एक लाखावा भाग! जुन्या शिसेयुक्त रंगाचा बारीकसा कपचाही एवढे शिसे बाटलीत टाकू शकतो. मग चांगली विहीर बंद होते आणि निष्कारण एखाद्या कारखान्यावर ठपका येतो.

पृथ्वीचे वय ठरविण्यासाठी शिशाचे मोजमाप करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांना हाच अडथळा आला होता. हवा, भांडी आणि रसायने यांतील शिसे मोजमापात शिरत असे. स्वच्छतेचे अतिकठोर नियम पाळूनच त्यांनी १९५६ मध्ये सुमारे ४५५ कोटी वर्षे हे वय प्रसिद्ध केले.

नमुन्यासाठी पॉलिथिलीनची बाटली सौम्य नत्राम्लात भिजवून अतिशुद्ध पाण्याने विसळतात. नमुना भरल्यावर त्यात अतिशुद्ध नत्राम्लाचे थेंब घालतात. एरवी धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात व आकडा खरा असतो त्याहून कमी येतो. या चुकीत दूषित विहीर निर्दोष ठरते, म्हणून ती अधिक घातक. पोलादी भांड्यातून क्रोमियम व निकेल, पावडर लावलेल्या हातमोज्यांतून जस्त, तर विडीच्या धुरातून कॅडमियम येऊ शकते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने बाटलीचे झाकण जमिनीवर ठेवू नये, हे सांगण्याइतके साधे असले तरी नेमके तेच विसरले जाते. पितळी तोटीतूनही शिसे उतरते. भूजल तपासायचे असल्यास पंप काही वेळ चालवून मगच बाटली भरावी. घरच्या नळाचे पाणी तपासायचे असेल, तर मात्र पहाटेची पहिली धारच घ्यावी.

शुद्ध पाण्याची आणखी एक बाटली सोबत नेऊन विहिरीपाशी तेवढाच वेळ उघडतात व सर्व प्रक्रियांतून नेतात. यास कोरा नमुना म्हणतात. अहवाल हाती येताच सरपंचांनी या कोऱ्या नमुन्याचा आकडा अवश्य विचारावा. त्यात लक्षणीय शिसे आढळले, तर नुसत्या वजाबाकीने भागत नाही. नव्या बाटल्या घेऊन विहिरीवर पुन्हा जावे लागते.