महिला आरक्षण, नगरशासनातील
नगरशासनातील महिला आरक्षण : नागरी स्थानिक संस्थांतील सदस्यपदे व अध्यक्षपदे यांचा ठराविक हिस्सा स्त्रियांसाठी राखून ठेवणारी कायदेशीर तरतूद. महाराष्ट्राने १९९० मध्ये ३० टक्के जागा राखल्या. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (अंमल १ जून १९९३) देशभर किमान एक-तृतीयांश प्रमाण ठरले व २०११ मध्ये राज्याने ते ५० टक्क्यांवर नेले.

ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर १९९२ मध्ये कल्याण महानगरपालिकेतून अलग झाली. उल्हासनगर महानगरपालिका १९९६ मध्ये स्थापन झाली. त्यामुळे या तिन्ही संस्था आरक्षणासहच आकारास आल्या. पाणी, गटारे, कचरा या प्रश्नांचा घरगुती भार मुख्यतः स्त्रियांवर असल्याने सभागृहातील त्यांचे स्थान केवळ शोभेचे नाही.

राखीव प्रभाग मात्र सोडतीने व आळीपाळीने ठरतात. काम उभे केलेल्या नगरसेविकेचा प्रभाग पुढच्या वेळी खुला झाला, की पक्ष बहुधा पुरुषाला उमेदवारी देतात. उलट, नगरसेवकाचा प्रभाग राखीव झाल्यास पुष्कळदा त्याची पत्नी उभी राहते. अशा प्रत्येकीस नामधारी समजणे अन्यायाचे होय. आरक्षणाची खरी मर्यादा निराळीच आहे : ते निवडणुकीवर अवलंबून असते. अंबरनाथ व बदलापूर येथील नगरपरिषदांची मुदत २०२० मध्ये, तर उल्हासनगर महानगरपालिकेची २०२२ मध्ये संपली. निवडणुका लांबल्या, कारभार प्रशासकांकडे गेला आणि त्या वर्षांत राखीव वा खुली अशी एकही जागा अस्तित्वात नव्हती.